पोचट भात आणि गिळलेला शब्द

एका राज्यात एक डोंगर होता. त्याला नावाने हाक मारायची चाल नव्हती, कारण हाक मारली की तो ओ देई. लोक त्याला नुसतं म्बाह म्हणत. त्यांच्या बोलीत म्बाह म्हणजे आजोबा. आजोबांच्या तोंडून अष्टौप्रहर धूर निघे. कधी त्यांच्या पोटात गुरगुरलं, तर पायथ्याची माणसं हातातलं काम थांबवून म्हणत, "निजा आजोबा, अजून वेळ आहे." आणि आजोबा निजत.

आजोबांच्या अंगाखांद्यावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं होती, आणि त्या भातात भातआई राहत असे. तिला कोणी पाहिलं नव्हतं. पण ती लाजाळू आहे आणि उघड्या लोखंडाला भिते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणून तिथली कापणी बायका करत, आणि ती विळ्याने करत नसत. बोटाएवढं पातं तळहातात लपवायचं आणि एकेक लोंबी हळूच खुडायची. पहिल्या दोन लोंब्या खुडण्याआधी त्यांच्यापुढे वाकून विचारायचं, "आई, निघायचं ना घरी?" त्या दोन लोंब्या म्हणजे नवरानवरी. त्यांना पिवळ्या दोऱ्याने बांधायचं, वर छत्री धरायची, पावलांचा आवाज न करता कोठारात न्यायचं आणि निजवायचं. मग काही दिवस कोठारात चकार शब्द काढायचा नाही. नव्या जोडप्याच्या खोलीत जाऊन कोण बडबड करतो?

त्या लोकांची आणखी एक चाल होती. ते तोंडावर "नाही" म्हणत नसत. जन्मभर एकट्या राहिलेल्या म्हाताऱ्याला विचारावं, लग्न झालं का? तो बोळक्या तोंडाने हसून म्हणे, "अजून नाही." वाघ गवत खातो का, विचारा. "अजून नाही." आणि थोरांपुढे तर एवढंही नाही, तिथे मान खाली घालून फक्त "जी" म्हणायचं. गोड माणसं होती ती. पण त्यांच्या गोडव्यानेच घात केला.

झालं असं की गादीवर एक तरुण राजा आला. त्याला सगळ्याचीच घाई. कापणीच्या दिवसांत त्याची पालखी बांधावर येऊन थांबली. बायका एकेक लोंबी खुडत होत्या, ते पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अशाने माझं कोठार कधी भरायचं? विळ्याने कापलं तर चालेल ना?"

सगळ्यांत जवळ उभी होती सातिनेम. नवऱ्यामागे एकुलत्या मुलीला वाढवणारी, खालच्या अंगाच्या खाचराची मालकीण. सातिनेमच्या ओठांवर एक शब्द आला. तो तिने गिळला, मान खाली घातली आणि ती म्हणाली, "जी, महाराज."

शिपाई विळे घेऊन शिवारात उतरले. कोणी कोणाला काही विचारलं नाही. खालच्या खाचरांत अजून खुडायची राहिलेली नवरानवरीसुद्धा पेंढ्यांबरोबर बांधली जाऊन राजाच्या कोठारात गेली. शेवटची पेंढी उचलली, तसे रिकाम्या खाचरातल्या पाण्यावर तरंग उठले. चालणारं कोणी दिसत नव्हतं. तरंग एका खाचरातून वरच्या खाचरात चढत गेले, त्यामागे बांधांवर ओली पावलं उमटत गेली आणि डोंगराच्या धुरात दिसेनाशी झाली.

गावाच्या वाट्याला आलेलं त्या वर्षीचं भात शिजलं तेव्हा मडकं हाताला हलकं लागलं. माणसं जेवली, पुन्हा जेवली, तरी पोटात काही पडल्यासारखं वाटेना. मग अंगं हलकी होऊ लागली. प्रथम मुलांना गंमत वाटली. एका उडीत छपराला हात लागे. मग चिखलात पावलं उमटेनात. छातीवर बोट वाजवलं तर रिकाम्या डब्यासारखा आवाज येऊ लागला. म्हातारी माणसं कनवटीला धोंडे बांधून हिंडू लागली, आणि बोलताना त्यांचा आवाज बांबूच्या बेटातून आल्यासारखा येई.

सातिनेम तेवढी जड राहिली. घरात भात थोडा, म्हणून ती आपला वाटाही तुमिनीला, आपल्या लेकीला भरवत होती आणि स्वतः परसातले कंद उकडून खात होती. आई करते तेच तिने केलं होतं. आणि म्हणूनच गावात सगळ्यांत पोकळ झाली ती तुमिनी. सातिनेम तिला कमरेला दोर बांधून भात कांडायच्या उखळाला अडकवून ठेवी.

दरवर्षी भात घरात आलं की डोंगरावरून कोरडा वारा सुटतो. बायका त्यात सुपाने भात उफणतात. भरला दाणा पायाशी पडतो, पोचट उडून जातो. यंदा वारा कोणाकोणाला पोचट समजेल, हे सातिनेमला कोणी सांगायला नको होतं. ती धास्तावून सुपाशी बसली होती. तेवढ्यात सुपाच्या काठावर एक चिमणीएवढी तपकिरी मुनिया येऊन बसली. दरसालची भातचोर.

"बाई, हे भात खाऊ नका," मुनिया म्हणाली. "आम्ही एक दाणा फोडला नि थुंकून दिला. यात आई नाही."

"मग आई कुठे आहे?"

"आजोबांच्या पोटात. चुलीशी पाठ करून बसली आहे. वाऱ्याआधी आणा, नाहीतर तुमच्या लेकीला मी ढगात भेटेन."

सातिनेमने उखळाचा दोर दोनदा ओढून पाहिला आणि ती डोंगर चढली. वर झाड नव्हतं, गवत नव्हतं, आणि वाटही नव्हती. तेव्हा तिने जे कोणी करत नाही ते केलं. तिने डोंगराला नावाने हाक मारली. ते नाव मी इथे सांगणार नाही.

"ओ," डोंगर म्हणाला.

ओ देताना त्याचं तोंड उघडलं, आणि ते उघडं होतं तेवढ्यात सातिनेम आत शिरली.

आत ऊबदार अंधार होता. विझत आलेल्या चुलीशी एक बाई पाठमोरी बसली होती. तिची वेणी मुळाशी हिरवी आणि टोकाशी पिवळी होती. तिने मान वळवली नाही.

"मला लोखंड दाखवलंत," भातआई म्हणाली.

"चुकलं, आई. माझी मुलगी उडून जाईल."

"राजाने विचारलं तेव्हा तू काय म्हणालीस?"

"जी म्हणाले."

"म्हणायचं काय होतं?"

इथे, डोंगराच्या पोटातही तो शब्द सातिनेमच्या तोंडातून निघेना.

"तीन गोष्टी कर," भातआई म्हणाली. "माझ्या पायाला जागा हवी, तुझ्या लेकीचं पाऊल आण. माझी नवरानवरी राजाच्या कोठारात आहेत. ती घरी आण. आणि तू जो शब्द गिळलास, तो ज्याला द्यायचा होता त्याला दे. मग ज्याने त्यांना नेलं, त्यानेच त्यांना निजवावं. रीतीने. घाई केलीत तर मी येणार नाही."

आजोबांना जांभई आली, आणि त्या जांभईबरोबर सातिनेम बाहेर आली.

पहिलीच गोष्ट अवघड. जिचं पाऊल चिखलात उमटत नाही, तिचं पाऊल आणायचं कुठून? तिने तुमिनीला ओल्या चिखलात उभं केलं, खांदे धरून खाली दाबलं. चिखल जसाच्या तसा राहिला.

"म्बोक, दुखतंय," तुमिनी म्हणाली. तिकडे आईला म्बोक म्हणतात. सातिनेमने हात काढून घेतले आणि ती बांधावर मटकन बसली. बसली तिथे हाताला एक खळगा लागला. लावणीच्या वेळी तुमिनी नव्या ओल्या बांधावरून धावली होती, आणि बांध मोडला म्हणून सातिनेम तिला केवढी रागावली होती! ते पाऊल तिथेच वाळून कडक झालं होतं. पाचही बोटं स्पष्ट होती. सातिनेमने ते ढेकळ कडेने खणून काढलं आणि पदरात बांधलं. रागावल्याचं तिला फार वाईट वाटलं.

मग ती राजधानीला गेली. वेशीवरच्या पहारेकऱ्यांनी खिशात दगड भरले होते; हात वर करून तिला अडवायला गेले तर पाय जमिनीवरून सुटत. राजाच्या कोठारात छतापर्यंत पेंढ्या रचल्या होत्या. ती आत शिरली, आणि सगळ्या पेंढ्या बोलू लागल्या. कोणी बाजारभाव विचारत होतं, कोणी रडत होतं, कोणी तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या आवाजात पाणी मागत होतं. मग तुमिनीच्या आवाजात हाक आली, "म्बोक, दोर तुटला. म्बोक, ओ दे ना." पण कोठारात बोलायचं नसतं. तिने ओठ दाताखाली धरले आणि एकेका पेंढीला कान लावत ती पुढे गेली. एका कोपऱ्यात एक पेंढी तेवढी गप्प होती. तिने ती सोडली. आत दोन लोंब्या एकमेकींकडे झुकून, लाजून गप्प बसल्या होत्या. नवं जोडपं चारचौघांत बोलत नाही. सातिनेमने त्यांना पिवळा दोरा बांधला.

राजा दरबारात बसला होता. तोही त्याच भाताचा भात जेवत होता. गळ्यात साखळ्या, दंडात कडी, पायात सोन्याचे तोडे, इतके दागिने त्याने घातले होते, तरी त्याच्या टाचा गालिच्याला टेकत नव्हत्या.

"काय हवं?" राजाने विचारलं.

"महाराज, आपण विचारलं होतं, विळ्याने कापलं तर चालेल ना."

"तू जी म्हणालीस."

सातिनेमच्या आईने, आजीने, पणजीने हा शब्द कोणा थोरापुढे काढला नव्हता. तिने पदरातलं ढेकळ घट्ट धरलं.

"नाही, महाराज," ती म्हणाली. "चालत नाही."

राजाच्या आत टक्‌ असा आवाज झाला, रिकाम्या घड्यात खडा पडावा तसा. राजाने पोटावर हात ठेवला.

"हे काय पडलं माझ्यात?"

"माझा शब्द, महाराज."

"जड आहे."

त्याने एक साखळी काढून ठेवली. तो उडाला नाही. मग दुसरी काढली, तोडे काढले, आणि त्याच्या टाचा गालिच्यावर टेकल्या. त्याने प्रधानांकडे पाहिलं. "असा शब्द आणखी कोणाकडे आहे?"

"अजून नाही, महाराज," प्रधान एका सुरात म्हणाले.

राजा सातिनेमच्या मागोमाग पायी निघाला. शिवाराच्या खालच्या बांधावर तिने नवरानवरी त्याच्या ओंजळीत दिली आणि त्यांच्यावर छत्री धरली. तिथून गावच्या कोठारापर्यंत मिरवणुकीच्या चालीने जायचं होतं.

आणि वारा सुटला.

आधी बांबू वाकले. गावातली माणसं सुपारीच्या झाडांना मिठ्या मारून उभी राहिली, पाय पताकांसारखे फडफडत. मग सातिनेमच्या घराचं झावळ्यांचं छप्पर उचललं गेलं, आणि त्यातून तुमिनी वर आली. दोर ताणला. ती माडांच्याही वर गेली.

"म्बोक!"

"बाई, दोर तुटतोय!" राजा ओरडला. "मी धावतो!"

सातिनेमला धावायचं होतं. छत्री फेकून, नवरानवरी तुडवून, दोराचं टोक दातात धरायचं होतं.

"नाही, महाराज," ती म्हणाली. "नवरी घाबरेल. हळू."

ती वर न पाहता चालली. छत्री वाऱ्याने वळली, तिने ती सरळ केली. राजा रडत होता, पण पाऊल वाजू देत नव्हता. दोराचा एकेक पदर तुटल्याचा आवाज त्यांना ऐकू येत होता. असे ते कोठारात पोचले. सातिनेमने ढेकळ खाली ठेवलं. राजाने त्याच्याशेजारी नवरानवरीला निजवलं, आणि जन्मात पहिल्यांदा कोणाची तरी परवानगी मागितली. "आई, याल ना घरी?"

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग ढेकळावरचं पाऊल पाण्याने भरलं, आणि त्याच्या पलीकडे जमिनीवर दुसरं एक ओलं पाऊल उमटलं.

बाहेर घराघरांतून, कणग्यांतून, सुपांतून बारीक तडतड ऐकू आली. दाणे भरत होते. माणसांच्या पोटातलेही भरले. झाडांना धरलेले पाय जमिनीला टेकले. दोराचा शेवटचा पदर तुटला, आणि बांधाच्या बाजूला धप्प असा आवाज झाला.

सातिनेमने तोंडातून शब्द काढला नाही. ती मागच्या पावली बाहेर आली, तिने दार लोटलं आणि मग ती धावत सुटली. तुमिनी फुटलेल्या बांधात गुडघ्यापर्यंत रुतून बसली होती आणि पाणी भसाभसा शेजारच्या खाचरात चाललं होतं.

"मोडलास बांध!" सातिनेम ओरडली. "किती वेळा सांगितलं..." पुढे तिला बोलवेना. ती चिखलातच बसली आणि लेकीचे जड, चिखलाने भरलेले पाय मांडीवर घेऊन रडत राहिली.

राजाने विळे गवतापुरते ठेवले. दर कापणीला तो चालत येई, बांधावर बसे आणि विचारी, "यंदा थोडी घाई केली तर?" बायका एकदम म्हणत, "नाही, महाराज." मग तो पोटावर हात ठेवून हसे, आणि वर धुरात आजोबा कूस बदलत.

बांध गावकऱ्यांनी त्याच दिवशी लिंपला. फक्त तुमिनीच्या पावलाचा एक खोल ठसा सातिनेमने लिंपू दिला नाही. वर्षं गेली, तुमिनीला स्वतःची मुलं झाली, तिचा पाय त्या ठशात मावेनासा झाला. तिथून पाणी झिरपतं म्हणून ती दर लावणीला आईला विचारी, "म्बोक, आता बुजवू ना हा?"

"अजून नाही," सातिनेम म्हणे.