तेल लावलेले हात

त्या राज्यात श्वास आपोआप मिळत नसे. तो वाहून आणावा लागे. प्रत्येक परगण्याला एका जनावराचं नाव होतं, वेशीवर श्वास उतरायचा घाट होता, आणि घाटापासून घराघरापर्यंत लाल अंगरख्यांचे हमाल धावत. हमालाला हात चार. पहिल्या हातात श्वास आला की बाकीचे तीन आपसूक सरसावत. श्वास पोचला की चुली पेटत आणि परगण्याच्या मधोमध नगारा वाजत राही. नगारा चालू म्हणजे परगणा जिवंत, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

राज्य चालवीत होता चिचुंद्रीचा परगणा. आकाराने मूठभर, पण चुली अशा भडकलेल्या की श्वासाला क्षणाचा उशीर झाला तर राख. म्हणून तिथले हमाल तळहातांना तेल चोळत. दारात पोचताच निसरड्या हातातून श्वास सुटे. मैदानातल्या घाटावर श्वासाचे ढीग पडलेले असत, त्यामुळे निसरडे हातही भरून निघत. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललं आणि चिचुंद्रीवाल्यांना वाटू लागलं की तेल म्हणजेच सचोटी, आणि कोरडा हात चोराचा. आपल्या अंगणात उगवतं तेच पीक, बाकी सगळं तण, असं मानणाऱ्यांची कुठेच वानवा नसते.

चिचुंद्रीच्या राणीसरकारांनी हुकूम काढला: राज्यभर एकच हात, तेल लावलेला. हुकूम लिहिला एका तपासनिसाने, स्वतःच्याही तेल मुरलेल्या हाताने. त्यातले ‘अपवाद नाही’ हे दोन शब्द त्याचे स्वतःचे होते आणि त्यांचा त्याला भारी तोरा होता. राजवाड्यात एका भिंतीआड राणीच्या पोटचा वारस-परगणा वाढत होता. तो उभा राहिला की पहिला कारभारी तूच, असा शब्द राणीने त्याला दिला होता. रोज सकाळी तो त्या भिंतीला कान लावी. आतला इवलासा नगारा थोरल्या नगाऱ्याहून दुप्पट घाईने वाजे. या कोरड्या माणसाचा जीव कशात अडकला असेल तर त्या आवाजात.

तेलाचे बुधले घेऊन तो डोंगरावर, याकाच्या परगण्यात पोचला. वरच्या घाटावर ढीग कसले, श्वास चिमटी-चिमटीने विखुरलेला. हमाल कोरड्या हातांनी तो टिपून घट्ट धरीत होते. त्यांची मुकादमीण एक म्हातारी होती.

“सायेब, तेलाच्या हाताला हितला श्वास गावायचाच न्हाई,” ती म्हणाली. “खाली ढीग हाय. हितं वेचावा लागतोय.”

“म्हणजे मूठ सोडत नाही, हे कबूल?”

“सोडतो की. चूल विझाय लागली की तीच मूठ उघडती. उपाशी दारात कुनाची मूठ ऱ्हाती? आन् येक सांगू? तुमच्या रानीच्या भितीआड जावा. थितंबी आमच्यावानीच कोरडं हात हायेत. आईच्या हातचं वढून घ्याया लागतंय, तवा परगना उभा ऱ्हातो. आमचाबी तसाच राह्यला, तुमचाबी.”

वारसाला चोरांच्या पंगतीला बसवलं! तपासनिसाचा संताप संताप झाला. चार शिपायांनी म्हातारीचे चार हात धरले आणि तेल त्याने स्वतः चोळलं. मग बाकीच्यांना. हमाल घाटावर वाकले, चिमटीतला श्वास निसटून गेला, पुन्हा वाकले. नगारा आधी पिसाटल्यासारखा वाजला, मग दोन ठोक्यांत अंतर पडू लागलं. ‘प्रजा प्रथम आनंदित झाली, नंतर तिला शिस्त लागली,’ असं अहवालात लिहून तो उतरला. मागे काही ऐकू येत नव्हतं, पण त्याने वळून पाहिलं नाही.

दरबारात त्याने म्हातारीचे शब्द राजद्रोहाचा पुरावा म्हणून वाचून दाखवले. राणी हसली. “दार उघडा. सगळ्यांनाच पाहू द्या.”

भिंतीतलं दार उघडलं. एका बाजूला राणीचे हमाल तेलकट हात पुढे करून उभे होते. दुसऱ्या बाजूला बोटभर उंचीचे हमाल कोरड्या मुठींनी त्यांच्या हातांतला श्वास हिसकावून घेत होते आणि आत पळत होते. दरबारात कुजबूज झाली. राणीचा चेहरा काळवंडला.

“हुकमात काय लिहिलंय?”

तपासनिसाने मान झुकवली. “अपवाद नाही, सरकार.”

“मग बघता काय? माझा वारस चोर म्हणून वाढणार नाही.”

त्याने बुधला उचलला. एकेक चिमुकला तळहात उघडून तेल लावलं. आता भिंतीच्या अलीकडेही निसरडे हात, पलीकडेही निसरडे. अलीकडचे पुढे होत, पलीकडचे पकडू पाहत, आणि श्वास अलीकडच्या हातांतच राही. छोटा नगारा एकदम पिसाटला. राणी म्हणाली, “बघा, कसा आनंदला!” दरबाराने टाळ्या वाजवल्या.

मग दोन ठोक्यांत अंतर पडलं. हे अंतर तपासनिसाने डोंगरावर ऐकलं होतं. तो गुडघ्यांवर कोसळला आणि जो हात सापडेल तो पुसू लागला, आधी अंगरख्याने, मग नुसत्या तळव्यांनी. पण जन्मभर तेलात मुरलेले त्याचे स्वतःचे हात. पुसावं तसतसे चिमुकले तळवे अधिकच चकाकत होते, आणि तो पुढच्या ठोक्यासाठी कान देऊन पुसतच राहिला.