टुमक्याच्या शेपटीचा काटा

त्या दिवशी ऊन फार होतं. ढग नाही. वारा नाही. लाल माती तापली होती. पाय टेकला की चट्!

हे झालं ऑस्ट्रेलियात, बरं का. लांबचा देश. समुद्राच्या पलीकडचा.

तिथे होता टुमक्या. कांगारूचं पिल्लू. पाय लांब, हात इवले, शेपटी जाड. राहायचा कुठे? आईच्या पोटावरच्या पिशवीत.

टुमक्या बाहेर आला. खेळला. मातीत लोळला. शेपटीत काटा रुतला. कच्च!

"आई, पिशवीत घे."

"थांब! आत्ताच चाटून स्वच्छ केली पिशवी. काटा घेऊन आत यायचं नाही."

आईने काटा ओढून पाहिला. निघेना.

"काकाकुव्याकडे जा. त्याची चोच चिमट्यासारखी. आणि लवकर ये हं. ऊन उतरलं की सगळा कळप गवताकडे निघणार. तुला एवढं पळता यायचं नाही."

टुमक्या निघाला. टुप टुप टुपुक!

"काकाकुवा, काकाकुवा, काटा काढ.
आई पिशवीत घेईना!"

"क्र्याँक! चोच सुकली माझी. आधी पाणी आण."

टुप टुप टुपुक! टुमक्या झऱ्याकडे गेला. वर नुसती वाळू.

"झऱ्या, झऱ्या, वर ये.
काकाकुवा काटा काढीना,
आई पिशवीत घेईना!"

वाळूखालून झरा बोलला, "येऊ कसा? वाळू उकर."

टुमक्याने उकरली. इवले हात, चिमूटभर वाळू. छे!

टुप टुप टुपुक! टुमक्या आजोबांकडे गेला. आजोबा केवढे! नखं केवढी! बसले होते शेपटीवर रेलून, हात चाटत.

"आजोबा, आजोबा, वाळू उकरा.
झरा वर येईना,
काकाकुवा काटा काढीना,
आई पिशवीत घेईना!"

"अरे नातवा, हात चाटून चाटून अंग गार करतोय मी. एवढ्या उन्हात उकरू? झऱ्यावर सावली आण, मग बघू."

टुप टुप टुपुक! टुमक्या निलगिरीच्या झाडाकडे गेला.

"झाडा, झाडा, सावली दे.
आजोबा वाळू उकरीनात,
झरा वर येईना,
काकाकुवा काटा काढीना,
आई पिशवीत घेईना!"

"सावली आहे रे बाळा. पण झऱ्यावर पडायला फांदी वाकायला हवी. वाऱ्याला सांग."

टुप टुप टुपुक! वारा खडकामागे झोपला होता.

"वाऱ्या, वाऱ्या, ऊठ ना.
झाड सावली देईना,
आजोबा वाळू उकरीनात,
झरा वर येईना,
काकाकुवा काटा काढीना,
आई पिशवीत घेईना!"

वाऱ्याने जांभई दिली. "काय रे पिटुकल्या? कंटाळा आलाय मला. आधी हसव."

टुमक्याने उडी मारली. उंऽऽच!

"हॅ! उड्या रोजच बघतो. उलटं चालून दाखव."

उलटं? कांगारू कधी उलटं चालतं का? पण टुमक्या बिचारा वळला. मागे एक पाय टाकला. मध्ये आली शेपटी. धप्प! चारी पाय वर!

"हू हू हू! हूऽऽ हू!" वारा हसला. हसता हसता उठला. सूंऽऽ सुटला.

वारा सुटला, फांदी वाकली.
फांदी वाकली, सावली पडली.
सावली पडली, आजोबा उठले. खर्र खर्र खर्र, वाळू उकरली.
वाळू उकरली, झरा वर आला. बुळुक बुळुक!
झरा वर आला, काकाकुवा प्याला. गट गट गटक!
चोच ओली झाली. काटा धरला. ओढला. खट्! निघाला!

ऊन उतरलं. कळप निघाला. टुमक्या धावला. टुप टुप टुप टुपुक!

"आई! काटा गेला!"

आईने शेपटी हुंगली. वरून, खालून. "हं. ये आता."

टुमक्याने डोकं आधी घातलं. सुर्रकन् आत! आणि आत गेला तो झोपलाच.

शेजारून कळपातली भुरी मावशी उड्या मारत चालली होती. तिने वाकून पाहिलं. म्हणाली, "अरे टुमक्या, पाय बाहेरच राहिले की तुझे! पिशवीत मावेनासा झालास. बरं, झोप. मी नाही कुणाला सांगत."