तुळशीराम पाय टेकत नाही

चिंचणखोरे गावात एक भोळा गडी होता. तो भोळा आहे हे त्याच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. नाव तुळशीराम. सांगितलेलं काम तो करायचा. सांगितलं तेवढंच करायचा आणि सांगितलं तस्संच करायचा. एरवी या गुणाचं लोक कौतुक करतात. तुळशीरामाच्या बाबतीत गावानं ते कधीच सोडून दिलं होतं.

घाटमाथ्यावरच्या वरवाडीची मैना त्याला जत्रेत भेटली. पाळण्यात बसायला जाताना तिनं आपल्या चपला त्याच्या हातात दिल्या. म्हणाली, "धरा जरा, आलेच." पाळण्यातून उतरल्यावर मैत्रिणींनी तिला ओढत बैलगाडीत घातलं आणि गाडी घरी गेली. सकाळी ती चपला शोधत परत आली. जत्रा उठली होती. पाळणा मोडून नेला होता. रिकाम्या माळावर तुळशीराम एकटा उभा होता, हातात चपला धरून.

मैना हसली नाही. घरी जाऊन बापाला म्हणाली, "नवरा करीन तर त्या तुळशीरामालाच."

बापाचं नाव दाजीबा. माणूस हट्टी, त्यात मुलीचा बाप. त्यानं तुळशीरामाला बोलावून अट घातली.

"वर एसटी येत न्हाई. पोरगी खाली दिली आन उद्या मी आजारी पडलो, तर जावई यायचा कवा? साखरपुड्याला सायकलीवर घाट चढून ये. वाटंत पाय टेकायचा न्हाई. टेकलास, तर पोरगी पलीकडच्या पाटलाच्या घरात दिली म्हणून समज."

"बरं मामा," तुळशीराम म्हणाला.

घाट जिथं सुरू होतो तिथंच वसंता मिस्त्रींचं सायकलचं दुकान होतं. मिस्त्री हातानं कमी आणि तोंडानं जास्त काम करायचे. त्यांनी तुळशीरामासाठी डोंगरी सायकल बांधायला घेतली. सांगाडा एकीकडून आणला, जाड टायर दुसरीकडून. तुळशीरामाच्या आईच्या हट्टापायी मागं कॅरियरही बसवलं. मग विचारलं, "पुढची चक्री केवढी लावू?"

पुढची चक्री म्हणजे पायडलला जोडलेलं दातेरी चाक. त्यावरून चेन मागच्या चक्र्यांवर जाते. एवढी साधी गोष्ट, पण गावात त्यावरून तट पडले. ज्यांनी जन्मात पंक्चर काढलं नव्हतं ते दात्यांवर बोलू लागले. चहाच्या टपरीवर जाणकारांची बैठक बसली. माजी सरपंच म्हणाले की मोठ्या चक्रीला पर्याय नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही, कारण ते माजी सरपंच होते.

आई म्हणाली, "लगीन एकदाच करायचं. हात आखडू नगंस. सगळ्यात मोठी घे."

तुळशीरामानं सगळ्यात मोठी घेतली. पुरणपोळीएवढी चक्री पायडलला लागली. सपाटीवर सायकल वाऱ्यासारखी पळाली. घाटाच्या पहिल्याच वळणावर पायडल घट्ट झालं, सायकल थांबली आणि उलटी घरंगळत दुकानाच्या दारात आली.

"मीच म्हणणार होतो," मिस्त्री म्हणाले. ते नेहमी तेच म्हणायचे. "अरे बाबा, चढाला लहान घ्यावं."

चढाला लहान घ्यावं. तुळशीरामानं मान हलवली आणि गोष्ट डोक्यात पक्की बसवली.

दुसऱ्या दिवशी आईनं त्याला बाजारात धाडलं. "मैनेला एक लुगडं घे आन वर देऊन ये," म्हणाली. घाट चढून जायचं होतं. तुळशीरामानं विचार केला आणि दुकानातलं सगळ्यात लहान कापड घेतलं. ते तान्ह्या बाळाचं झबलं होतं. पायी वर जाऊन त्यानं ते दाजीबाच्या पुढ्यात ठेवलं.

"हे कुणाला?"

"मैनेला."

दाजीबानं झबलं उलटंसुलटं करून पाहिलं. सोप्यात बसलेल्या चार बायकांनी पदर तोंडाला लावला. लग्नाआधी झबलं आलेलं वरवाडीनं पहिल्यांदाच पाहिलं.

"चढाला लहान घ्यावं, मामा," तुळशीराम समजावून म्हणाला.

दाराआड मैना हसून हसून खाली बसली. दाजीबा हसला नाही. त्यानं पलीकडच्या पाटलाला निरोप धाडायची तयारी केली.

घाबरून तुळशीराम मिस्त्रींकडे आला. मिस्त्रींनी पुढची चक्री लहान लावली होती. तुळशीरामानं मागंही हट्टानं सगळ्यात लहानच लावून घेतली, कारण चढाला लहान. गिऱ्हाइकाच्या मनासारखं करून मग त्याला चूक दाखवणं मिस्त्रींना फार आवडायचं. सायकल दुसऱ्या वळणापर्यंत गेली आणि घरंगळत परत आली.

"मीच म्हणणार होतो. अरे, मागचं उलटं असतं. घाटात पुढं लहान, मागं मोठं."

पुढं लहान, मागं मोठं. तुळशीरामानं मान हलवली आणि हीही गोष्ट पक्की बसवली.

मागं मोठी चक्री लागली. सायकल आता खरंच चढणार होती. पण दाजीबाचा राग काढायला आईनं भेट धाडायची ठरवली. तुपाची बरणी आणि तांदळाचं पोतं. "दोन्ही जपून ने," म्हणाली. तुळशीरामानं बरणी पुढं हँडलला टांगली आणि पोतं मागं कॅरियरवर बांधलं. पुढं लहान, मागं मोठं. चढाला लागताच सायकलीनं पुढचं चाक घोड्यासारखं वर उचललं. तुळशीराम पोत्यावर पडला, बरणी तुळशीरामावर पडली. तूप त्याच्या अंगावरून ओघळत दुकानापर्यंत आलं. गावातली कुत्री दोन दिवस त्याच्या मागं फिरत होती.

"मीच म्हणणार होतो," मिस्त्री म्हणाले. "मागं वजन टाकलं की पुढंबी तेवढंच टाकावं. तोल राहतो."

तुळशीरामानं मान हलवली.

साखरपुड्याचा दिवस उजाडला. वर मांडव पडला होता. मैना नव्या साडीत दारात येरझाऱ्या घालत होती. पलीकडचा पाटील मुलाला घेऊन, नटूनथटून, न बोलावता येऊन बसला होता. खाली तुळशीराम सायकलीवर चढला. पुढं लहान चक्री, मागं मोठी. ओझं काही नाही.

मिस्त्री म्हणाले, "आता ऐक. दमलास तरी पायडल सोडू नकोस. मी थांब म्हणेपर्यंत थांबायचं न्हाई."

"बरं," तुळशीराम म्हणाला आणि निघाला.

आणि तो चढला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. छातीचा भाता झाला, मांड्या पेटल्या, पण सायकल मुंगीसारखी वर सरकत राहिली. मैनेनं त्याला शेवटच्या वळणावर पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरांनी हलगी वाजवली. तुळशीराम पाय न टेकता थेट दाजीबाच्या अंगणात शिरला.

पाटील उठला आणि मुलाला घेऊन निघून गेला. दाजीबानं पागोटं सावरलं. "जिंकलात जावईबापू. उतरा."

तुळशीरामानं तुळशीवृंदावनाला वळसा घातला. मग दुसरा घातला.

"उतरा की."

"मिस्त्री थांब म्हणाल्याबिगर थांबायचं न्हाई, मामा."

"मी सांगतो, थांबा."

"तुम्ही मिस्त्री न्हाई."

ओवाळायचं ताट घेऊन सुवासिनी त्याच्यामागं फिरू लागल्या. निरांजन विझलं. भटजींनी मुहूर्ताची आठवण करून दिली. दाजीबा लाल झाला. मैनेला मात्र माळावरच्या चपला आठवल्या. या माणसाशी वाद घालून उपयोग नाही, हे तिला एकटीलाच कळलं होतं.

"मिस्त्री कुठं हायत?" तिनं विचारलं.

"खाली. दुकानात."

"मग चला, त्यांच्याकडून वदवून आणू." आणि साडीचा ओचा धरून ती पळत्या सायकलीच्या कॅरियरवर बसली.

"मैने, उतर!" म्हणत दाजीबानं धावत जाऊन हँडल धरलं.

तुळशीरामानं मागं पाहिलं. मागं वजन आलं होतं. त्यानं पुढं पाहिलं. पुढं काहीच नव्हतं. मिस्त्रींचे बोल त्याला आठवले. त्यानं एका हातानं दाजीबाला कमरेला धरून उचललं आणि पुढच्या दांडीवर बसवलं.

तोल अगदी बरोबर जमला. सायकल घाट उतरू लागली. दाजीबाचं पागोटं पहिल्या वळणावर गेलं, आवाज दुसऱ्या वळणावर गेला. मैना मागं घट्ट धरून बसली होती आणि खरं सांगायचं तर तिला मजा येत होती. अर्ध्या घाटात एक माणूस जेवणाच्या आशेनं लगबगीनं वर चढत होता. समोरून सायकल येताना पाहून तो "अगं आई गं" एवढंच म्हणाला आणि निवडुंगात उडी मारून मोकळा झाला.

ते मिस्त्री होते.

खाली दुकानाला कुलूप होतं. तुळशीरामानं कुलपाकडे पाहिलं, घाटाकडे पाहिलं आणि पायडल न सोडता सायकल वळवली. चढ लागला, पण चेन मागच्या मोठ्या चक्रीवर होतीच.

"मिस्त्री वर गेले," तो म्हणाला. "चला, विचारून येऊ."

दाजीबाला आता कुठं कंठ फुटला. त्यानं हात जोडले. "जावईबापू, पोरगी दिली, घरदार दिलं, सगळं दिलं. पण मला हितंच उतरू द्या. मी चालत येतो."

"तसं कसं, मामा," तुळशीराम प्रेमानं म्हणाला. "वाटंत पाय टेकायचा न्हाई. अट तुमचीच हाय."