त्रेसष्ट नंबरचा रिकामा धोटा

हा त्रेसष्ट नंबरचा माग. गिरणी बंद पडली, तिचं संग्रहालय झालं, सगळ्या मागांवर धोटे भरून मांडले. फक्त याचा धोटा रिकामा. शेजारी तारेचा आकडा दिसतोय ना, तो सायकलच्या चाकातल्या आऱ्याचा आहे. धोट्याला हात लावा, पण तो तोंडाला लावू नका.

धोटा मागात आडवा धागा इकडून तिकडे नेतो. त्यात सुताची कांडी बसवायची आणि धाग्याचं टोक या बारीक भोकातून बाहेर काढायचं. बोट जात नाही. मग भोकाला ओठ लावून श्वास आत ओढायचा, धागा आपसूक येतो. कांडी संपली की दर वेळी सगळे तसंच करत. पाळी बदलताना पुढच्या माणसाच्या हाती धोटा भरूनच द्यायचा, ही इथली रीत. रिकामा देणं म्हणजे अपमान.

या मागावर सकाळी रेवणसिद्ध असायचा आणि दुपारी तीनला त्याच्याच घरात राहणारा जावई इरण्णा यायचा. रेवणसिद्धाला क्षयाचा खोकला लागला. छातीचं दुखणं कळलं की गिरणी माणसाला घरी बसवायची, म्हणून त्याने ते लपवलं. घरात मात्र फार जपला म्हणे. ताट वेगळं, तांब्या वेगळा, अंथरूण पडवीत. लेकीचं पोर रांगत आलं तर काठी आडवी धरायचा. माझ्यामुळे या घरातलं कुणी जाऊ नये, असं त्याने सिद्धेश्वराला साकडं घातलं होतं, असं सांगतात.

आणि रोज तीनला जावयासाठी धोटा भरून ठेवायचा. इतरांपेक्षा चांगला, दोनदा ओढून. जावयावर जीव होता त्याचा.

वर्षाच्या आत इरण्णा रक्त ओकून गेला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात सगळं वेगळं होतं तर लागण झाली कशी? लेक गुरव्वा गिरणीतच कांड्या भरायची. तेराव्याला तिने बापाला एवढंच विचारलं, "अप्पा, त्यांचा धोटा कोण भरून ठेवत होतं?"

"मीच की," तो म्हणाला.

त्यानंतर ती बापाशी बोलली नाही. तो आणखी सहा वर्षं जगला. ती त्याला दोन्ही वेळ वाढायची, त्याच वेगळ्या ताटात.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवसापासून रेवणसिद्ध धोटा रिकामा ठेवू लागला, वर हा आकडा. नव्या जोडीदाराला राग आला, म्हाताऱ्याला माज चढला असं खात्यात बोलू लागले. तो खाली मान घालून निघून जायचा. हळूहळू एकेकाने आकडे करून घेतले. या मागाला तोंडाने ओढलेला धागा चालत नाही, तुटतोच, असं लोक सांगतात. मी इथे तेवीस वर्षं काम केलं. धागे सगळेच तुटतात.

आजही आमच्या पेठेतलं कुणी इथे आलं की आकड्याने एकदा धागा ओढतं, परत काढून घेतं आणि धोटा रिकामा ठेवून जातं. शाळेची मुलं विचारतात, हा का नाही भरला? मी त्यांना एवढं सगळं सांगत नाही.

गुरव्वा माझी आई. अप्पांनी मला कधी उचलून घेतलं नाही. ती काठी तेवढी आठवते.