नेच्याला हिरवा दोरा

ऐका हं, आणि मध्येच घोरायचं नाही. डोंगरात एक राजा होता. एकदा काय झालं, त्याने हुकूम काढला, की जंगलातल्या प्रत्येकाचं कूळ ठरवा. जे थोडे उरलेत त्यांना लाल दोरा बांधा, त्यांना कुणी हात लावायचा नाही. जे पुष्कळ आहेत त्यांना हिरवा दोरा. ते खुशाल कापा.

काम सोपवलं हैबती मोजणीदाराकडे. मोठा ऐटबाज गडी, बरं का! धोतरावर चिखलाचा शिंतोडा खपायचा नाही.

मग हैबती झऱ्यावर गेला. तिथे कस्तूर पक्षी शीळ घालत होता. पंख आहेत, चोच आहे, गळाही गोड. "गाणाऱ्या पाखरांचं कूळ," हैबती म्हणाला. मोजले, तर अख्ख्या डोंगरात दहाच. मग त्याच्या फांदीला लाल दोरा बांधला.

खाली ओल्या दगडांत नेचा होता. कोवळं पान वाटोळं गुंडाळलेलं असतं ना, तोच. हैबतीने काठावरूनच पाहिलं. फूल आहे? नाही. फळ? नाही. बी? तेही नाही. "मग गवतच की!" म्हणाला. हिरवा दोरा फेकला आणि घरी जेवायला गेला.

दुसऱ्या दिवशी कापणारे विळे घेऊन आले आणि नेचे कापत सुटले. कस्तूरने शीळ घातली, कुणी ऐकेना. डोक्यावर घिरट्या घातल्या, तरी ऐकेनात. मग त्याने आपल्या फांदीचा लाल दोरा चोचीने सोडवला आणि उरलेल्या एका नेच्यावर टाकला. तेव्हा कुठे विळे थांबले. माणसं हैबतीला बोलवायला धावली.

हैबती आला. चिखलात गुडघे टेकून त्याने पान उलटलं. मागे तपकिरी ठिपक्यांच्या ओळी! त्यातल्या भुकटीतूनच नेचा वाढतो, बाळांनो. फुलं जगात यायच्या आधीपासूनचं कूळ ते. मग हैबतीने डोंगरातल्या तिन्ही दऱ्या पालथ्या घातल्या. तसला दुसरा नेचा नव्हता.

राजाने विचारलं, "पाखरं दहा. नेचा एक. कापायच्या आधी किती होते रे?"

हैबतीची मान वर होईना. "महाराज, सांगायची लाज वाटते. मी मोजलेच नव्हते."

राजा म्हणाला, "खुशाल कापा, असं तर मीच म्हटलं होतं." त्यालाही शरम वाटली. मलाही वाटते, खरं सांगते.

मग हैबती रोज झऱ्यावर राखण करू लागला. बरीच वर्षं गेली आणि दगडांत नवे नेचे उगवले. कस्तूर गात राहिला, सगळे सुखाने नांदले. फक्त हैबतीला कुणी मोजणीदार म्हणून हाक मारली, की तो हात जोडायचा. "नुसतं हैबती म्हणा," म्हणायचा.

चला, पांघरूण घ्या. झोपा.