चढणीच्या माशांचं वळण

फार पूर्वी एका खाडीला एक ओढा येऊन मिळत होता. खाडीच्या काठाला कोळ्यांची वाडी होती आणि ओढ्याच्या काठाला एका शेतकऱ्याचं भाताचं शेत.

पावसाळ्यात खाडीतले मासे ओढ्याने वर चढत आणि शेताजवळच्या वळणावर, संथ पाण्यात अंडी घालत. पण शेतकऱ्याने ते वळण बुजवून तिथे भात लावलं आणि ओढा सरळ केला. पाणी इतक्या जोरात धावू लागलं की मासे चढेनात. दर वर्षी कोळ्यांची जाळी आणखी हलकी येऊ लागली. वाडी रोज शेतकऱ्याच्या नावाने बोटं मोडायची. त्याला साधी उचकीही लागायची नाही.

शेवटी एक म्हातारी कोळीण त्याच्या बांधावर गेली. "दादा, ते वळण परत मोकळं कर."

"करतो की मावशी. पण तिथल्या भातावर माझ्या पोरांचा पावसाळा निघतो. ते कोण देणार?"

प्रश्न रास्त होता, आणि इतक्या वर्षांत त्याला तो कुणी विचारूच दिला नव्हता.

वाडीत येऊन म्हातारी म्हणाली, "तेवढं भात आपण दर वर्षी भरून देऊ. दर होडीमागे थोडं थोडं."

सगळे भडकले. "वळण बुजवलं त्याने, आणि भुर्दंड आपल्याला?"

"बोटं मोडून मासे आले असते, तर एव्हाना खाडीत होडी घालायला जागा उरली नसती!" म्हातारी म्हणाली.

कुरकुरत का होईना, सुकी मासळी विकून प्रत्येक होडीने आपला वाटा दिला. शेतकऱ्याची कणगी भरली. मग त्याने आणि कोळ्यांनी मिळून कुदळींनी वळण खणून काढलं.

पुढच्या पावसाळ्यात आरोळी उठली, "चढले! मासे चढले!" अंड्यांनी पोट फुगलेले मासे वळणात शिरत होते. अख्खी वाडी जाळी घेऊन धावली. किती वर्षांनी असं कालवण मिळणार होतं!

वाटेत शेतकरी गुडघाभर पाण्यात हात पसरून उभा होता. "मागे फिरा!"

"बाजूला हो! या जागेचं भात आम्ही भरलंय."

"भरलंत, म्हणून ती माझी राहिली नाही. पण घेतलीत ती माशांसाठी, मग ती तुमचीही नाही. आज यांना धरलंत, तर पुढच्या वर्षी मी ती कुणासाठी सोडू?"

जाळी हातातच राहिली. ज्याला इतकी वर्षं चोर म्हटलं, तोच माशांची राखण करत होता! कोळ्यांना लाज वाटली आणि हसूही आलं. म्हातारीने आपलं जाळं गुंडाळून खांद्यावर टाकलं.

"चला घरी. आज डाळभात."

एकेक करत सगळे तिच्यामागे निघाले.

पाऊस सरताना पिल्लांच्या झुंडीच्या झुंडी खाडीत उतरल्या. पुढच्या हंगामात होड्या भरून काठाला लागल्या, आणि वाडीत असा आनंद झाला की विचारू नका. कोळ्यांनी वाजतगाजत मासळीची पहिली टोपली शेतकऱ्याच्या दारी नेली. सोबत नव्या वर्षाचं भातही होतं.

शेतकरी चकित झाला. "मावशी, मी अजून मागितलं कुठे?"

"आता मागायची वेळ येऊ देणार नाही," म्हातारी म्हणाली.

तात्पर्य: दुसऱ्याकडून त्याग मागायचा असेल, तर त्याच्या नुकसानीत आपला वाटा उचलावा, आणि उचलल्यावर फळासाठी धीर धरावा.