सातवी ओवी

भाविकहो, देश स्वतंत्र झाला त्या वर्षीचा चातुर्मास अचलनाथ महाराजांनी सह्याद्रीच्या पायथ्याशी, वडजाई गावी केला. त्याच्या पस्तीस वर्षे आधी तेथील देवराई तोडावयास आलेल्या सरकारी शिपायांना सात ग्रामस्थ आडवे गेले आणि गोळ्यांना बळी पडले. बायकांनी त्यांच्यावर सात ओव्या रचल्या. सरकारने त्या गाण्यास बंदी केली. पुढच्याच वर्षी तापाच्या साथीत निम्मे गाव गेले. ओव्या उरल्या त्या एकट्या दळणकरी कोंडाईच्या कंठी.

आता राईच्या तोंडाशी स्मृतिशिला उभी होती. उद्या सकाळी झेंडावंदन. पाथरवट छिन्नी घेऊन बसला होता, आणि कोंडाईला सहाच नावे आठवत होती! सातव्या ओवीपाशी येताच ती अडे. आपल्यामुळे तो माणूस दुसऱ्यांदा मरणार, या धास्तीने दोन दिवस तिच्या पोटात अन्न नव्हते.

गावचे इनामदार दाजीशास्त्री हसले. "कोंडाबाई, सातवा काय कोंड्याबरोबर चाळून टाकलात?" सरकारी दप्तरात केवळ 'सात दंगेखोर' एवढीच नोंद आहे, जात्यावरची गाणी हे काही प्रमाण नव्हे, तेव्हा शिळा कोरीच बरी, असा त्यांचा निर्वाळा होता.

कोंडाईने महाराजांचे चरण धरले. महाराजांनी मठातले जाते राईत आणविले. ती दळू लागली. एकेक नाव उमटे, पाथरवट कोरी. सहावी ओवी सरली आणि जाते थांबले. दिवस कलत होता.

महाराज म्हणाले, "शास्त्रीबुवा, तिच्या समोर बसा. खुंटा धरा."

जमलेल्या गावापुढे नाही म्हणवेना. शास्त्री नाइलाजाने बसले. जाते फिरले मात्र, आणि त्यांच्या मुखातून स्त्रीचा कोवळा स्वर निघाला:

सातवी माझी ओवी गं, वामन भावोजीला,
राई राखता राखता, देह दिला मातीला.

कोंडाई दचकली. "हा तर तुमच्या आईचा गळा! तुमच्या घरी दळायला जायची मी. सहा मी म्हणायची, सातवी तीच म्हणायची, समोर बसून. तुम्ही तिच्या मांडीवर असायचात."

साथीत आई गेली तेव्हा शास्त्री तीन वर्षांचे होते.

"वामनकाका काशीला गेले, असं घरात सांगत," एवढेच ते पुटपुटले. इनाम जाईल या भयाने घराने ते नाव पुसले होते.

महाराज म्हणाले, "दप्तरातून पुसता येतं, बाबा. आईनं जात्यावर गायलेलं पुसता येत नाही. आपण कोण, हे देशाला अशाच गाण्यांतून कळतं."

पाथरवटाने सातवे नाव कोरले. शास्त्री महाराजांपुढे वाकले, तोच महाराजांनी त्यांना कोंडाईकडे वळविले. पिठाने माखलेल्या तिच्या पावलांवर दाजीशास्त्र्यांनी मस्तक ठेवले. कपाळी लागलेले ते पीठ त्यांनी दुसऱ्या दिवशी झेंडा चढेपर्यंत पुसले नाही.